गंधक टाकताना पाठ फिरवायची

रबराच्या गाळ्यात दोन गोष्टी साठत जातात, काजळी आणि किस्से. काजळी रविवारी घासून अंघोळ केली की थोडीफार निघते. किस्से निघत नाहीत. मैत्रिणी भेटल्या की आधी त्यांच्या पवईच्या ऑफिसांची, अप्रेझलची आणि तिथल्या फुकटच्या कॉफीची चर्चा होते. मग कोणीतरी म्हणतंच, "गिरिजा, तुझ्या गाळ्यातलं काहीतरी सांग ना यार. आमच्याकडे काही घडतच नाही."

आमच्याकडे घडतं. गाळा घाटकोपरला, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तळमजल्यावर. माणसं चार. माझे आजोबा अप्पा, वय एकोणऐंशी, मालक. नानूकाका, त्यांच्याच गावचा. दोघं एकत्र गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर एकत्रच या धंद्यात पडले. कुंदाआत्या, अप्पांची मुलगी, तयार मालाच्या कडा कात्रीने साफ करते. आणि मी. माझ्या बाबांनी बँकेत नोकरी धरली आणि गाळ्याचं नावच टाकलं.

आम्ही खुर्चीच्या पायांना खालून लावायचे रबरी बूट करतो. म्हाताऱ्यांच्या काठीची टोपणं करतो. नळाचे वायसर, मिक्सरचे पाय, असलंच सगळं. माणसाच्या नजरेत या गोष्टी येतात त्या नसल्या की.

आणि या गाळ्यात एक नियम आहे. अप्पा "पाठ" म्हणाले की सगळ्यांनी पाठ फिरवायची. का, ते विचारायचं नाही.

*

नियम कळायला आमचं काम थोडं कळायला हवं. दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असतात. त्यांच्यात कच्चं रबर घालून कणकेसारखं मळत राहायचं. मळता मळता एकेक पावडर टाकायची. सगळ्यात शेवटी गंधक. मग तो गोळा साच्यात घालून तापत्या प्रेसखाली दाबायचा. गंधकाशिवाय रबर म्हणजे च्युइंगम. गंधक कमी पडला तर चिकट, जास्त झाला तर दगड.

हा गंधक अप्पा एका पितळी मापट्याने टाकतात. गावाहून आणलेलं छोटं मापटं आहे, कधीकाळी त्याने तांदूळ मोजायचे. किती भरायचं, कुठल्या मालाला किती, ते फक्त अप्पांना ठाऊक. ते मापटं हातात घेतात, "पाठ" म्हणतात, आणि गाळा भिंतीकडे वळतो. नानूकाकाचं तोंड कॅलेंडरकडे, आत्याचं दाराकडे, आणि माझ्या वाट्याला आला फ्यूजबोर्ड.

मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. आणि वर पॉलिमरचा डिप्लोमा करून आले होते. पहिल्याच दिवशी विचारलं, "अप्पा, पाठ का फिरवायची?"

"फिरवायची."

"पण का?"

"का-बिका तुझ्या पार्ल्याच्या कॉलेजात. इथे पाठ."

नानूकाकाला गाठलं. तो म्हणाला, "गंधकाची पूड डोळ्यांत जाता गो."

"मग अप्पांच्या नाही जात?"

त्याने बराच विचार केला. "तेंका सवय आसा."

आत्या म्हणाली, "पूर्वीपासून आहे." आमच्या घरात याला स्पष्टीकरण म्हणतात.

सहा महिने मी फ्यूजबोर्ड बघितला. इतका बघितला की एक दिवस लक्षात आलं, तिसऱ्या फ्यूजची वायर खालच्या बाजूने वितळायला लागली आहे. मी ओरडले, मेन स्विच पाडला. इलेक्ट्रिशियन आला, म्हणाला, आणखी आठवडा गेला असता तर गाळ्याची राख झाली असती.

अप्पांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं. "पाठ फिरवायचा फायदा कळला?"

*

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटेल मी नुसती तक्रार करते आहे.

त्याच पहिल्या दिवशी मी ओढणी, घड्याळ आणि दोन अंगठ्या घालून मशीनपाशी गेले होते.  नानूकाकाने डावा हात माझ्या नाकासमोर धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यातून नाही.

"ही खंय गेली?" त्याने विचारलं.

मी रुळांकडे बघितलं.

"शाणी आसस."

मग पंधरा दिवस त्याने मला रबराला हातच लावू दिला नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. पाय कुठे, पोट कुठे, मूठ कधी बंद, तळवा कधी उघडा. रबर ओढलं गेलं तर धरून ठेवायचं नाही, सोडून द्यायचं. "रबर परत गावता," तो म्हणायचा, म्हणजे परत मिळतं. पुढचं वाक्य तो म्हणायचाच नाही.

आज माझी दहाही बोटं जागेवर आहेत. त्याचं श्रेय कॉलेजचं नाही आणि माझंही नाही. नानूकाकाच्या आठ बोटांचं आहे.

*

नियमाचं खरं कारण मला पुढे कळलं, तेही नानूकाकाकडून. तो सतत बोलत असतो. प्रेस लावताना, डबा खाताना, पाठ फिरवल्यावर कॅलेंडरशीसुद्धा. म्हणून त्याच्या पोटात काही राहत नाही.

फार पूर्वी आमच्याकडे विजू नावाचा कारागीर होता. हुशार, हाताला चटपटीत. तीन महिन्यांत सगळं शिकला आणि समोरच्या ओळीत स्वतःचा गाळा टाकला. विजूचा विजूशेठ झाला. सगळं अप्पांसारखंच करायचा, फक्त गंधक अंदाजाने, कारण आमच्या गाळ्यात तो पडताना त्यालाही पाठ फिरवायला लागायची. त्याने एका शाळेला खुर्च्यांचे बूट पुरवले. मे महिना आला आणि बूट जमिनीला चिकटले. शाळा उघडल्यावर मास्तर वर्गात आले, पोरं उभी राहायला गेली, आणि खुर्ची मागे सारता येईना. शाळेचा शिपाई एक खुर्ची फरशीच्या तुकड्यासकट घेऊन इस्टेटमध्ये आला.

विजूशेठ मान खाली घालून अप्पांकडे आला. आत्या म्हणाली, हाकलून द्या. अप्पांनी चप्पल घातली, समोर गेले आणि विजूचा पुढच्या अख्ख्या हंगामाचा माल स्वतःच्या हाताने मिसळून दिला. शाळेचं गिऱ्हाईकही त्याचं त्यालाच राहू दिलं.

फक्त गंधकाची वेळ आली की म्हणायचे, "विजू, पाठ."

आणि विजूशेठ स्वतःच्या गाळ्यात, स्वतःच्या मशीनसमोर, पाठ फिरवून उभा राहायचा. आजही अप्पा दिसले की तो हात जोडतो. नानूकाका म्हणतो, "जोडता खरो, पण सवयीन जरा आडवो उभो रवता."

*

कुंदाआत्याची कात्री आणि माझं यंत्र, हा वेगळा किस्सा.

रबर किती कडक झालं ते मोजायचं एक हातात मावणारं यंत्र मिळतं. मी ते आणलं. तोवर आत्या अंगठ्याचं नख दाबून सांगायची, "हा बरोबर, हा मऊ, हा परत दाखव नानूकाकाला." मी म्हटलं, आता नख नको, आकडा बोलेल.

पहिल्या दिवशी यंत्र म्हणालं अख्खी बॅच मऊ. आत्या म्हणाली बॅच बरोबर. मी तिला प्रमाणीकरण, अचूकता, मानवी चूक यांवर छोटंसं भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं आणि ती कडा कापत राहिली. मी यंत्र दुकानात परत नेलं, केवळ आत्याची खात्री पटावी म्हणून. दुकानदाराने ते तपासलं आणि म्हणाला, "मॅडम, काटाच सरकलाय."

दुरुस्त करून आणलं. यंत्र आणि आत्याचं नख तंतोतंत जुळलं. मी ओशाळून सांगितलं, "आत्या, तू बरोबर होतीस."

ती माझ्या यंत्राकडे मायेने बघत म्हणाली, "असू दे गं. नवीन आहे ना. शिकेल हळूहळू."

*

आता मुख्य गोष्ट. अप्पांचं गाव दोडामार्ग तालुक्यात. तिथे आता डोंगराच्या डोंगर रबराची झाडं आहेत. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ती नीट बघितली. बायका पहाटे उठून झाडाच्या सालीवर तिरकी चीर देतात. पांढरा चीक वाटीत ठिबकतो. तो गोठवतात, लाटतात आणि त्याच्या शीट धुरावर सुकवतात. अंगणात दोरीवर या शीट धुतलेल्या चादरींसारख्या लटकलेल्या असतात. मग व्यापारी येतो आणि घेऊन जातो. गावाचं काम तिथे संपतं.

सुनंदावहिनी तिथल्या बचत गटाची प्रमुख. अप्पांच्या घराच्या शेजारची. तिने मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. मी सवयीने खुर्ची उलटी केली आणि पाय बघितले. बूट आमचे होते. तळाला छोटा त्रिकोण असतो, ती अप्पांच्या साच्याची खूण. मी आनंदाने तिला ते सांगितलं.

तिने त्रिकोण बघितला, दोरीवरच्या शीट बघितल्या, परत त्रिकोण बघितला.

"म्हणजे आमचोच चीक मुंबैक जाता," ती म्हणाली, "नि काळो होवन परत येता?"

 त्या प्रश्नातूनच गावात छोटा कारखाना काढायचं ठरलं. गटाने शाळेमागची रिकामी शेड मिळवली. नानूकाकाने कुर्ल्याच्या भंगारातून एक जुनं मिक्सिंग मशीन आणि एक हातप्रेस निवडून, उघडून, साफ करून, परत जोडून दिला. अप्पांनी दोन साचे दिले. अप्पांनी साचा कोणाला दिल्याचं आत्याने जन्मात बघितलं नव्हतं. ती त्या दिवशी देवापुढे साखर ठेवून आली.

अप्पांनी सगळं दिलं. गंधकाचं प्रमाण सोडून.

*

"मिसळलेला माल मी इथून पाठवीन," अप्पा म्हणाले. "त्यांनी नुसता साच्यात घालायचा नि दाबायचा."

म्हणजे गावचं रबर पाचशे किलोमीटर घाटकोपरला येणार, अप्पांच्या मापट्यातला गंधक खाणार आणि पाचशे किलोमीटर परत जाणार. मी म्हटलं, "अप्पा, हे म्हणजे पोळीला तूप लावायला मुंबईला पाठवणं झालं." ते म्हणाले, "तूप चांगलं असेल तर पाठवावी."

एप्रिलच्या शेवटी पहिला माल प्रायव्हेट बसच्या डिकीतून पाठवला. गंधक घातलेलं रबर उष्णता लागली की पक्कं व्हायला सुरुवात करतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, अप्पांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "बस म्हणजे काय प्रेस आहे?"

ती डिकी इंजिनाला लागून होती. बारा-तेरा तास. वर उन्हाळा. माल पोचला तेव्हा गोणीत एकच अखंड ठोकळा होता, गोणीच्या विणीच्या नक्षीसकट.

सुनंदावहिनीने फोन केला. अप्पांनी मोठ्या ऐटीत स्पीकरवर घेतला. "मिळाला का माल?"

"मिळालो. धुणा धुवचो दगड फुटलोलो, थंय ठेवलंय. झकास बसलो." मग ती म्हणाली, "पण अप्पानूं, बूट कशाचे करू?"

मी गालातल्या गालात हसले. मला हसायचा हक्क नव्हता. अप्पा एका लग्नाला गेले असताना मी पुस्तकातल्या प्रमाणाने गुपचूप एक बॅच करून बघितली होती. यंत्राने ती पास केली. महिन्याभरात त्या बुटांना केसासारख्या भेगा गेल्या. अप्पांचे बूट वर्षानुवर्षं टिकतात. अप्पांना त्यातला एक बूट सापडला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि खिशात टाकला. मला काही बोलले नाहीत, विजूशेठला दाखवला नाही, माझ्या बाबांना तर नाहीच. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

पण गावातली शेड तशीच बंद होती. मशीन होतं, प्रेस होता, साचे होते, रबर तर झाडावरून ठिबकत होतं. अडलं होतं ते एका मापट्यापाशी.

*

आणि ते मापटं एकोणऐंशी वर्षांच्या हातात होतं.

अप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याने त्यांना आधीच धूसर दिसतं. डॉक्टरांनी सक्त सांगितलं, धुळीत जायचं नाही. पाचव्या दिवशी काठीच्या टोपणांची ऑर्डर अडली म्हणून अप्पा काळा चष्मा लावून रिक्षाने गाळ्यात हजर.

"अप्पा, मी टाकते गंधक. तुम्ही फक्त प्रमाण सांगा."

"पाठ."

आम्ही वळलो. मागे चाचपडल्याचा आवाज आला. डबा कुठे, झाकण कुठे. मग मापटं डब्यावर घासल्याचा आवाज. एकदा आला. थोड्या वेळाने परत आला. नानूकाका कॅलेंडरला म्हणाला, "दोन येळा?" कॅलेंडर गप्प राहिलं.

टोपणं इतकी कडक निघाली की फरशीवर टाकली तर टणटण वाजत होती. अशी टोपणं काठीला लावली असती तर म्हातारा पहिल्याच ओल्या पायरीवर आडवा झाला असता. आत्याने नखही न लावता सगळा माल टाकाऊत लोटला.

अप्पा म्हणाले, "पावडर वाईट आली असेल."

नानूकाका म्हणाला, "असात." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आमी बघूक नाय. तुमका दिसाक नाय. मगे ह्यो गंधक बघितल्यान कोणी?"

*

या सगळ्यात खारदांड्याहून हिराबाई आल्या. मासे विकतात. कुणीतरी त्यांना सांगितलं, घाटकोपरला रबराचं काहीही करून मिळतं.

त्यांनी पिशवीतून मासे कापायची विळी काढून टेबलावर ठेवली. अप्पा खुर्ची सरकवून मागे झाले. "ओल्या फरशीवर ही सरकते," त्या म्हणाल्या. "हिला खाली रबर लावून दे."

मी खूश. नवीन वस्तू म्हणजे माझं क्षेत्र. मी पाय करून दिले. आठ दिवसांनी विळी परत, "सरकते." मऊ रबराचे केले. परत. मी त्यांना समजावायला लागले की ओला पृष्ठभाग, त्यावर माशाचं तेल, त्यामुळे घर्षण...

हिराबाईंनी दोन बोटं वर केली. "पोरी, विळी हलली तर माझं बोट जातं. तुझा परीक्षेचा पेपर नाही जात."

नानूकाकाने त्या बोटांकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. आणि मग त्याची नजर त्यांच्या चपलांवर गेली. जुन्या, झिजलेल्या, पण मासळीबाजारात रोज उभ्या राहणाऱ्या. "ही चप्पल कधी घसारता?" त्याने विचारलं.

"ही? कधीच नाही."

त्याने चप्पल मागून घेतली, तळव्याच्या रेघा भिंगाखाली बघितल्या आणि साच्यात तशाच आडव्या-तिरक्या चिरा कोरल्या. पाणी त्या चिरांतून बाहेर जातं आणि रबर फरशीला धरतं. मी दोन महिने प्रमाण बदलत बसले होते, उत्तर हिराबाईंच्या पायात होतं.

विळी जागची हलेना. हिराबाईंनी त्यांच्या अख्ख्या ओळीसाठी पाय सांगितले. ते पाय गावातच करायचं ठरलं, म्हणजे गावच्या कारखान्याला पहिली स्वतःची वस्तू मिळाली. कोरण्याच्या नादात नानूकाकाने चपलेचे दोन तुकडे केले होते, त्यामुळे हिराबाई त्या दिवशी त्याच्या चपला घालून खारदांड्याला गेल्या. त्याने परत मागितल्या तेव्हा म्हणाल्या, "घसरतात रे तुझ्या. मी टाकल्या."

*

दसऱ्यानंतर सुनंदावहिनी आणि गटातल्या तिघी शिकायला घाटकोपरला आल्या. उतरल्या आत्याकडे. दिवसा गाळ्यात, संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात, आणि दोन्हीकडे आत्यापेक्षा वेगात.

तेव्हा आमच्या मालात एक दुखणं चालू होतं. साच्यातून बूट काढला की पोटात फुगे. तीन आठवडे. अप्पा म्हणायचे प्रेस नीट दाबत नाही. नानूकाका म्हणायचा प्रेसची चूक नाही, पोरीच्या नव्या पावडरची. मी म्हणायचे पावडर प्रमाणित आहे, हवं तर कागद दाखवते. कोणालाच कागद बघायचा नव्हता.

सुनंदावहिनी कोपऱ्यात रचलेल्या कच्च्या शीटपाशी गेली. एक उचलली, वास घेतला आणि दारात उजेडासमोर धरली. "हयसर या सगळी," ती म्हणाली. "हयां बगा. मधी पांढरो डाग दिसता? थंय अजून पानी आसा. धुराक कमी ठेवलेली शीट. हेची वाफ व्हतली नि फुगो येतलो."

तिने आणखी चार शीट धरून दाखवल्या. सुकलेली शीट मधासारखी आरपार दिसते. ओली मधे धुरकट. मग तिने अप्पांना स्वतः धरायला लावली, कुठल्या कोनात ते सांगितलं, आणि त्यांच्या ऑपरेशनवाल्या डोळ्याला दिसेपर्यंत हात धरून थांबली.

अर्धं आयुष्य रबर मळण्यात घालवलेला माणूस पंधरा मिनिटं दारात उभा राहून शीट बघत होता. आम्ही वाट बघत होतो, आता काय म्हणतात.

अप्पा आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नानू, चहा सांग. वहिनीला पहिला."

आमच्या गाळ्यात पहिला चहा अप्पांचा असतो.

*

चौघींचा शेवटचा दिवस. दुपारच्या गाडीने त्या गावी निघणार होत्या. सकाळी अप्पा म्हणाले, जायच्या आधी एक पूर्ण बॅच तुमच्यासमोर करू. विळीच्या पायांची.

सुंदर बॅच होती. रबर त्यांच्या गावचं. सुनंदावहिनी रुळांसमोर नानूकाकाने शिकवल्यासारखी उभी, पोट मागे, तळवा उघडा. एकेक पावडर पडत होती. नानूकाकाचं चालूच होतं, गावच्या देवळाचा कळस, गाडीत कुठल्या बाजूला बसायचं, घाटात लिंबू हुंगायचं. आत्या त्यांच्या डब्यासाठी बांधलेल्या घावन्यांकडे एक डोळा ठेवून कडा कापत होती.

अप्पांनी पितळी मापटं उचललं.

"पाठ."

नानूकाका बोलता बोलता कॅलेंडरकडे वळला. आत्या दाराकडे. चौघी पाहुण्या, त्याही मुकाट्याने वळल्या. सुनंदावहिनी सगळ्यात आधी.

मी फ्यूजबोर्डाकडे निघाले आणि थांबले.

"गिरिजा," अप्पा म्हणाले. "पाठ."

"नाही फिरवणार, अप्पा."

"फिर गो गिरजे," भिंतीकडून नानूकाका. "दोन मिनटांचो तर प्रश्न आसा. मगे गाडी चुकतली त्यांची."

"मोठ्यांचं ऐकावं," दाराकडून आत्या. "जाणाऱ्या माणसांसमोर तमाशा नको."

"आत्या, जाणाऱ्या माणसांसाठीच बोलतेय. या आता रिकाम्या हाताने गेल्या तर ती शेड कायमची बंद." माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला. "अप्पा, माझी बोटं शाबूत आहेत ती तुम्हा दोघांमुळे. मला रबरातलं जे येतं ते या गाळ्याने दिलंय, पार्ल्याने नाही. तुम्ही विजूशेठला उभं केलंत. या चौघींना साचे दिलेत. मी कुणाकुणाला सांगते हे, अभिमानाने. पण मी पाठ नाही फिरवणार. आजपासून कधीच नाही."

"घरचं आहे ते," अप्पा म्हणाले. "दाखवायचं नसतं."

"वहिनीने त्या दिवशी शीट उजेडात धरली," मी म्हटलं, "तेव्हा ती आपल्याला पाठ म्हणाली होती का?"

अप्पांच्या हातातलं मापटं डब्याच्या तोंडावर तसंच राहिलं. आत्याची कात्री थांबली. रूळ फिरत होते, त्यांच्यावर रबर लपलप आवाज करत होतं, आणि त्याशिवाय गाळ्यात दुसरा आवाज नव्हता. नानूकाकाचासुद्धा नाही.

मी सुनंदावहिनीच्या खांद्याला हात लावला. ती हळूच वळली. तिच्यामागून बाकीच्या तिघी वळल्या. अप्पा बघत राहिले.

नानूकाका कामात कधी चष्मा लावत नाही. पेपर वाचायलाच काय तो लागतो. कॅलेंडरसमोर उभ्या उभ्या त्याने खिशातून तो काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला, आणि मशीनकडे तोंड करून उभा राहिला.